एका वैयाकरणाचा मृत्यू

मृत्यू सर्वांना सारखे लेखतो, असे आपण कीर्तनांतून लहानपणापासून ऐकत आलो आहो. मृत्यू लेखीत असेल. वर्तमानपत्रे लेखीत नाहीत. इ. स. २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात, म्हणजे आपल्याकडील दसरा व दिवाळी यांच्या दरम्यान, अमेरिकेत संगणकविद्येतील तीन थोर पुरुष निवर्तले. पहिले स्टीव्ह जॉब्स. ते ५ ऑक्टोबर रोजी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी वारले, आणि दोन देशांच्या वेळांतील अंतरामुळे ती वार्ता आपल्याकडे नेमकी विजयादशमीस येऊन पोहोचली. मग आठवडाभर दुसरे बोलणे नव्हते. त्यांच्या दुकानांच्या काचांवर लोकांनी चिठ्ठ्या चिकटविल्या, दाराशी फुले ठेविली, मेणबत्त्या लाविल्या. आपल्याकडील पत्रांचेही रकाने भरून गेले. दुसरे डेनिस रिची. न्यू जर्सी प्रांतातील बर्कली हाइट्स गावी हे गृहस्थ एकटे राहत असत. १२ ऑक्टोबर रोजी ते आपल्या घरी मृतावस्थेत आढळले. वय सत्तर. एका जुन्या सहकाऱ्याने कळविले तेव्हा कोठे ती वार्ता बाहेर फुटली. तिसरे जॉन मॅकार्थी, २४ ऑक्टोबर रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्दप्रयोग ज्या इंग्रजी नावावरून आला, ते नाव १९५५ साली त्यांनीच योजिले.

यांपैकी पहिल्यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. तिसऱ्यांनी ठेविलेल्या नावाविषयी हल्ली रोज लिहिले जाते. मला चार शब्द लिहावयाचे आहेत ते मधल्याविषयी.

संस्कृताच्या निवृत्त मास्तराचा या गृहस्थाशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध एका पुस्तकाचा आहे. १९९५ च्या सुमारास माझा पुतण्या अभियांत्रिकी शिकत असता त्याने एक इंग्रजी पुस्तक घरी आणिले. आमच्या घरात पुस्तक कोणाचे हा प्रश्न येत नाही; दिवाणखान्यातल्या मेजावर पडले की ते सर्वांचे. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तथापि मुखपृष्ठावर ‘भाषा’ या अर्थाचा शब्द दिसला, म्हणून कुतूहलाने उघडले. ते पुस्तक ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची या जोडीचे, ‘सी’ नामक संगणकभाषेविषयीचे. १९७८ च्या पहिल्या आवृत्तीची पृष्ठे २२८, आणि दहा वर्षांनी निघालेली दुसरी आवृत्तीही तीनशेच्या आत. पुढे जगातील बहुतेक यंत्रे जिच्या आधारे चालावयाची, त्या भाषेचे हे अवघे शास्त्र! पहिला पाठ असा, की संगणकाकडून जगाला नमस्कार म्हणवून घ्यावा. आपल्याकडे पाटीवर श्रीगणेशा काढावयाचा, तसाच तो पुढे साऱ्या जगातील विद्यार्थ्यांचा श्रीगणेशा झाला.

ते वाचून मला आज्ञावली लिहिता येऊ लागली असे मुळीच नव्हे. परंतु वैयाकरणाचा हात मला ओळखता येतो. एक शब्द अधिक नाही. एकदा सांगितलेला नियम पुन्हा सांगितलेला नाही. १९८९ साली या भाषेचे जे प्रमाण स्वरूप ठरले, त्यात तिचे राखीव शब्द केवळ ३२. एखाद्या कंसात ज्या नावाची स्थापना झाली त्याची सत्ता त्या कंसापुरती. कंस मिटला की सत्ता संपली. अधिकारसूत्राची व्याप्ती मुलांना समजावून सांगताना मी आयुष्यभर खडू झिजविला; येथे ती मर्यादा दोन महिरपी कंसांनी दाखविली होती. आमच्या शास्त्रातील मंडळींना लाघवाचे वेड किती, हे सर्वश्रुत आहे. हा मनुष्य त्याच वेडाचा, असे मला त्या दिवशी वाटले आणि आजही वाटते.

त्यांचे चरित्रही असेच थोडक्यात आटोपणारे. जन्म ९ सप्टेंबर १९४१. वडील बेल लॅबोरेटरीज या दूरध्वनीच्या प्रख्यात संशोधनसंस्थेत शास्त्रज्ञ. म्हणजे विद्या घरात होती. हार्वर्डला शिक्षण झाले, १९६८ साली प्रबंध लिहिला, परंतु बांधणी केलेली प्रत काही दाखल केली नाही. त्यामुळे डॉक्टर ही पदवी अखेरपर्यंत लाभली नाही. (पदवीवाचून आयुष्य काढलेल्या आम्हा मॅट्रिकवाल्यांस ही गोष्ट वाचून किंचित समाधान झाले, हे लपविण्यात अर्थ नाही.) १९६७ साली वडिलांच्याच संस्थेत ते नोकरीस लागले आणि २००७ साली निवृत्त झाले. एवढेच.

त्या संस्थेत त्यांचे सहकारी केन थॉम्पसन. ‘मल्टिक्स’ नावाच्या एका अवाढव्य योजनेतून संस्थेने १९६९ साली अंग काढून घेतले, तेव्हा थॉम्पसन यांनी एका जुन्या, फारसे कोणी वापरीत नसलेल्या यंत्रावर आपली लहानशी व्यवस्था रचावयास घेतली. त्याच उन्हाळ्यात त्यांची पत्नी लहानग्या मुलाला आजीआजोबांच्या भेटीस घेऊन तीन आठवडे कॅलिफोर्नियास गेली होती, आणि त्या तीन आठवड्यांत ‘युनिक्स’ या प्रणालीचा सांगाडा उभा राहिला. ही कथा मी घरात सांगितली तेव्हा सगळ्यांनी थॉम्पसनच्या बुद्धीची वाहवा केली. आमच्या वहिनी तेवढ्या म्हणाल्या, “भाऊजी, मूल घेऊन ती सासरी राहिली, तिचे नाव कोणी लिहून ठेवले आहे का?” तिचे नाव बॉनी. लिहून ठेवलेले आहे. पण वाचतो कोण?

रिची यांचे कार्य यापुढचे. त्या काळी असली प्रणाली सामान्यतः त्या त्या यंत्राच्या स्वतःच्या बोलीत लिहीत. यंत्र मोडीत निघाले की तीही त्याच्याबरोबर सती जाई. रिची यांनी १९७१ ते ७३ या अवधीत ‘सी’ भाषा सिद्ध केली, आणि १९७३ साली युनिक्स त्या भाषेत पुन्हा लिहिली गेली. आता ती एका यंत्रातून दुसऱ्यात नेता येऊ लागली. ग्रंथ एकदा बोलीतून प्रमाण भाषेत उतरला म्हणजे तो जसा नदी ओलांडून पलीकडच्या गावी वाचला जातो, तसे हे झाले. बेल लॅबोरेटरीज ज्या दूरध्वनी कंपनीची, तिला १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे इतर धंदा करण्यास मनाई होती. म्हणून ही प्रणाली मूळ संहितेसह विद्यापीठांना अल्प मोबदल्यात मिळू लागली. व्यापाराचे दार बंद होते, म्हणून विद्येचे उघडले.

आणि जेथे संहिता, तेथे भाष्यकार आलाच. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे अध्यापक होते. त्यांनी १९७६ साली युनिक्सच्या गाभ्याच्या सुमारे नऊ हजार ओळी छापून त्यांवर टीका लिहिली. एका पुस्तिकेत मूळ, दुसरीत भाष्य. आपल्या शिष्यांस ओळ न् ओळ समजावी, एवढाच हेतू. पुढे १९७९ च्या सुमारास मालकांना आपल्या ठेव्याची किंमत कळली आणि नव्या परवान्यात ही संहिता वर्गात शिकविण्यास बंदी आली. परिणाम आपल्याकडील कोणत्याही शास्त्र्याला सांगता आला असता. विद्यार्थ्यांनी नकला काढल्या, नकलांच्या नकला काढल्या. अक्षरे पुसट होत गेली तरी पोथी हातोहात फिरत राहिली. रीतसर छापून विक्रीस यावयास १९९६ साल उजाडले, आणि १९९८ साली लायन्स वारले. या सर्व इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो हा मास्तर.

१३ ऑक्टोबर २०११ च्या संध्याकाळी पुतण्या कचेरीतून आला तो न बोलता माझ्या खोलीत येऊन बसला आणि म्हणाला, “काका, आमचा पाणिनी गेला.” दुःखाच्या प्रसंगीही मास्तरकी सुटत नाही; मी म्हटले, “पाणिनी नव्हे रे, शर्ववर्मा.” राणीपुढे व्याकरणात फजिती झालेल्या सातवाहन राजाला सहा महिन्यांत संस्कृत शिकविण्याची प्रतिज्ञा शर्ववर्म्याने केली आणि त्यासाठी ‘कातंत्र’ हे लहानसे व्याकरण रचिले, अशी आख्यायिका आहे. सर्व प्रयोगांची मीमांसा करणे हा त्याचा हेतू नव्हता. शिकणाऱ्याचे काम चालावे, हा होता. इंग्लंडातील एका संगणकभाषेतून थॉम्पसन यांनी ‘बी’ ही भाषा काढली आणि तिच्यातून रिची यांनी ‘सी’, तीही अशीच कामापुरती. पाणिनीशी तुलना करावयाचीच असेल तर ती जॉन बॅकस यांच्याशी करावी. १९५९ साली त्यांनी संगणकभाषेची वाक्यरचना नियमांनी बांधण्याची पद्धत मांडली. ती पाणिनीच्या पद्धतीशी इतकी जुळते, की १९६७ साली पीटर इंगरमन यांनी तिला पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना एका प्रतिष्ठित संगणकविषयक नियतकालिकात केली होती. पुतण्याने हे सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, “असेल काका. पण गेला.”

येथे थोडे विषयांतर करतो. आमच्या नातेवाइकांचा व्हॉट्सॲपवर एक समूह आहे. त्यावर वर्षातून तीनचारदा एक संदेश येतो, की संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा असल्याचे अमेरिकेच्या अंतराळसंस्थेने सिद्ध केले आहे. मूळ गोष्ट एवढीच, की तेथील रिक ब्रिग्स या संशोधकाने १९८५ साली एक लेख लिहिला, आणि आपले वैयाकरण वाक्याच्या अर्थाचे जे पृथक्करण करीत त्याचे कृत्रिम बुद्धिमत्तेतील एका पद्धतीशी साम्य दाखविले. लेख चांगला आहे. संगणकाच्या आज्ञा संस्कृतात लिहाव्या, असे त्यात नाही. पण ज्या घरात ‘राम’ शब्द धड चालविता येत नाही, त्या घरातून हा संदेश सर्वांत वेगाने पुढे जातो, असा माझा अनुभव आहे. पूर्वजांचा अभिमान बाळगावयास अध्ययन लागत नाही, बोट लागते.

आता या भाषेची दुसरी बाजू. तिचा कर्ता वापरणाऱ्यावर फार विश्वास टाकी. पंगतीची उपमा घेऊ. दहा पाने मांडली आहेत. ‘सी’मध्ये पहिल्या पानास एक न म्हणता शून्य म्हणतात, म्हणून शेवटचे नववे. वाढप्याने भ्रमाने पुढे जाऊन ‘दहाव्या’ पानावर भात वाढला, तर ही भाषा त्याचा हात धरीत नाही. तेथे पान नसेल. कोणाचे सोवळे असेल, देवाचे तबक असेल. भात तेथे पडतो. या सैलपणाचा पहिला मोठा प्रसाद २ नोव्हेंबर १९८८ रोजी मिळाला. रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेली एक आज्ञावली यंत्रांच्या जाळ्यात पसरली; ५१२ अक्षरांच्या जागेत अधिक अक्षरे कोंबणे ही तिच्या युक्त्यांपैकी एक. सुमारे सहा हजार संगणक आजारी पडले, असा त्या वेळचा अंदाज होता. कुटुंबवत्सल वाचकांस विशेष वाटेल ते हे, की या मुलाचे वडील बेल लॅबोरेटरीजमध्ये रिची आणि थॉम्पसन यांचेच सहकारी, युनिक्सच्या परवलीच्या शब्दांचे रक्षण कसे करावे यावर निबंध लिहिणारे. आणि त्या सुमारास सरकारच्या संगणकसुरक्षा केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ! मुलावर खटला झाला, दंड झाला. पुढे तो प्राध्यापक झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर व्हाइट हाउसमधील एका कचेरीने, अशा सैल भाषा सोडून पंगत मोजून वाढणाऱ्या भाषांकडे वळावे, अशी जाहीर शिफारस केली. शिफारस योग्य आहे. परंतु आजवर बांधलेले घर याच विटांचे आहे, आणि त्यात आपण सर्व राहत आहो.

किती राहत आहो, हे पाहावयास आमचेच घर पुरे. आम्ही नऊ माणसे, फोन आठ. (एकटी आई तेवढी मुक्त आहे.) काही फोन जॉब्स यांच्या कंपनीचे, त्यांतील प्रणाली मूळ युनिक्सच्याच वंशातील. बाकीचे अँड्रॉइडचे, त्यांचा गाभा लिनक्स, जी लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली युनिक्सच्या धर्तीवर ‘सी’ भाषेत लिहावयास घेतली. म्हणजे ज्या फोनावर लोकांनी जॉब्ससाठी अश्रू ढाळणारे संदेश लिहिले, त्याच्या पोटात रिची यांचे व्याकरण चालले होते. इतकेच काय, आमच्या देवघराशेजारी भिंतीवर पंचांग आहे, त्यात शालिवाहन शक. आणि त्याच भिंतीला लावून चार्ज होत असलेल्या फोनात युनिक्सचा शक. तो १ जानेवारी १९७० पासून सुरू होतो, जागतिक वेळेच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडील पहाटे साडेपाचला. आणि तेव्हापासून सेकंद मोजीत चालला आहे. जुन्या यंत्रांत या मोजणीस ठेविलेली जागा २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ इतक्या सेकंदांची. ती १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास भरेल. नव्या यंत्रांत जागा वाढविली आहे. जुन्यांत कोणीतरी उतरून पाहावे लागेल.

हे उतरून पाहणारे कोण, हाच मला छळणारा प्रश्न आहे, आणि तो आता आमच्या उंबऱ्याच्या आत आला आहे. माझ्या पुतण्याने गेली पंचवीस वर्षे हेच उतरण्याचे काम केले. मॅकार्थी यांनी ज्याचे नाव ठेविले ते मूल आता मोठे झाले आहे. साध्या इंग्रजी वाक्यात इच्छा सांगितली की ते ‘सी’ भाषेतील आज्ञावली लिहून देते. पुतण्याच्या कंपनीने त्याच्या हाताखालील माणसे अर्ध्यावर आणिली, आणि या चैत्रात त्यालाही दुसरीकडे पाहण्यास सुचविले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, घराचे हप्ते चालू असता! त्याची मुलगी, माझी नात, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात आहे. ती यंत्राकडूनच लिहवून घेते. तिच्या वर्गात सर्व तसेच करतात, आणि गुण चांगले मिळतात.

गेल्या महिन्यात तिची एक आज्ञावली एकदा बरोबर उत्तर देई, एकदा चुकीचे. लिहिणाऱ्या यंत्राला तिने चारदा विचारले. प्रत्येक वेळी त्याने नम्रपणे क्षमा मागितली आणि नवी रचना दिली. दोष कायम. रात्री जेवणे झाल्यावर बापाने तिच्या खांद्यावरून पाहिले, आणि अर्ध्या मिनिटात एका खुणेवर बोट ठेविले. वाढपी दहाव्या पानावर जात होता. “बाबा, तुम्हांला दिसले कसे?” तिने विचारले. त्याला सांगता येईना. मला ठाऊक होते. ज्याने पाचशे धातू स्वतः चालविले आहेत त्याला चुकलेले रूप वाचावे लागत नाही, ते कानाला टोचते. पण ‘पाचशे धातू कशासाठी चालवायचे?’ या तिच्या पुढच्या प्रश्नावर आम्ही दोघेही तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही, आणि तिच्या आईने दिवा मालविण्याची आठवण केली.

पुतण्याला एका महाविद्यालयातून विचारणा आली आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना हीच भाषा शिकवावयाची. पगार निम्म्याहून कमी, आणि हा विषय अभ्यासक्रमात आणखी किती वर्षे राहील याची हमी ते देत नाहीत. दुसऱ्या बाजूस एक कंपनी आहे, तेथे यंत्राने लिहिलेले तपासावयाचे. पगार पूर्वीचाच, पण गाव परके, म्हणजे घर मोडणार. वहिनींचे म्हणणे, हप्ते फिटेपर्यंत कंपनी धरावी. “भाऊजी, मास्तरकीत काय मिळते हे तुम्हांला मी सांगायला हवे का?” असे त्या मला विचारतात, आणि त्यांचे म्हणणे हिशेबाला धरून आहे; थोरले बंधू गेल्यावर हे घर त्यांनीच ओढले. माझे मत मी पुतण्याला सांगितले आहे. शिकवावे, असे. हप्त्याचा काही भाग माझ्या निवृत्तिवेतनातून देता येईल, तो आकडाही कागदावर मांडून दिला आहे. त्याने कागद घडी करून त्या जुन्या पुस्तकात ठेविला. महाविद्यालयाला उत्तर या महिनाअखेर द्यावयाचे आहे.